रॉकेलच्या ग्लासातली माती

जुलैत आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर घोडबंदर रोडचा फोटो आला. खड्ड्यात कुणीतरी कुंडीसकट तुळस ठेवलेली. मग नेहमीप्रमाणे जुंपली. एक गट म्हणे सगळं काँक्रीट करून टाका, दुसरा म्हणे डांबरच बरं, काँक्रीट परत खणलं की त्याचे तुकडे होतात. तिसऱ्या गटाला दोन्हीत टक्केवारीच दिसते. शेवटी एका काकांनी मला टॅग केलं, "तुमच्या मेलबर्नला असलं काही नसेल, नाही का?"

काका, आहे. मी मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला राहतो. फेब्रुवारीत आमच्या बेडरूमचं दार चौकटीला घासतं आणि ऑगस्टपर्यंत आपोआप मोकळं होतं. पहिल्या वर्षी मी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, रंधा मारू नका, हिवाळ्यात फट पडेल. त्याला जमीन माहीत होती.

ही जमीन आपल्याकडच्या काळ्या मातीची चुलत बहीण. सह्याद्री बसाल्टचा, मेलबर्नची पश्चिमही बसाल्टचीच, फक्त वयाने खूप लहान. शहरातल्या जुन्या बोळांत बसवलेले काळे दगड पाहिले की मला ठाण्यातल्या येऊरची खाण आठवते. हा दगड कुजला की त्याची चिकणमाती होते आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक. पाणी मधे शिरलं की कॅट फुगतो, वाळलं की बसतो. नांदेडला आजोळी मे महिन्यात शेतातल्या भेगेत माझी चप्पल गेली होती, ती आजतागायत तिथेच आहे.

इथे घर घेताना हातात एक कागद आला. आमच्या प्लॉटवर शेरा होता एच-१. म्हणजे ऋतूबरोबर जमिनीचा पृष्ठभाग ४० ते ६० मिलिमीटर वरखाली होऊ शकतो, त्या हिशेबाने पाया घाला. व्हिक्टोरिया राज्याच्या १९९५ च्या कायद्यानुसार घर बांधायचा करार करण्याआधीच बिल्डरने जमिनीची तपासणी करून घ्यायची असते. म्हणून इथली घरं हलत नाहीत असं समजू नका. मोठ्या दुष्काळात कोरड्याठाक जमिनीवर बांधलेली कितीतरी घरं २०१० नंतर पाऊस परतल्यावर कडेने उचलली गेली, भिंती फाटल्या, माणसं दाद मागायला गेली. फरक एवढाच, की त्यांच्या हातात तो कागद होता. कुठे चुकलं यावर भांडता आलं.

आता माझी बाजू सांगतो. इकडे येण्याआधी मी नवी मुंबईत तुर्भ्याला माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली. सगळ्यात आवडती चाचणी होती फुगवट्याची. चाळलेली कोरडी माती दहा दहा ग्रॅम दोन मोजनळ्यांत घालायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेल त्या पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे तिथली माती जेवढ्यास तेवढी. पाण्यातली फुगते. दोन्हींतल्या फरकाची टक्केवारी काढली की माती कशी वागणार ते कळतं. खारघरच्या एका साइटवरचा नमुना रात्रीत जवळजवळ दुप्पट झालेला पाहून मी सकाळी चहा प्यायचा विसरलो होतो.

दुसरी चाचणी सीबीआरची, म्हणजे कॅलिफोर्निया बेअरिंग रेशोची. साच्यात माती ठोकून बसवायची, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, मग दट्ट्या दाबून तिची ताकद मोजायची. आकडा जितका मोठा तितकी माती भक्कम, आणि रस्त्याचे थर किती जाड हे त्या आकड्यावर ठरतं. चार दिवस कुणाला असतात? "अहो, उद्या बिल लावायचंय" असा फोन यायचा आणि न भिजवताच दट्ट्या लागायचा. कोरडी चिकणमाती दहाच्या पुढे आकडा देते. तीच भिजवली की दोन, फार तर तीन. एकदा तर नमुना यायच्या आधी आकडा आला, फोनवर. मी तो टाइप केला. तेवीस वर्षांचा होतो, हे काही कारण नाही. जिथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथला रस्ता कोरड्या आकड्यावर उभा राहिला, आणि त्यात माझी दोन बोटं होती.

म्हणून ग्रुपवरचा वाद वाचताना मला राहून राहून वाटतं, हे वरच्या दहा इंचांवरच भांडतायत.

घोडबंदर रोडची खरी गंमत खाली आहे. एका हाताला येऊरचा डोंगर, तिथे मुरूम आणि कातळ. दुसऱ्या हाताला खाडी, तिथे गाळ. मधे भरणी. एकाच रस्त्याचा अर्धा भाग कातळावर आणि अर्धा भरणीवर असला की भरणी खचते, कातळ जागचा हलत नाही, आणि मधोमध लांबच लांब चीर जाते. तिच्यातून पाणी उतरलं की पुढचं काम रेतीचे ट्रक करतात. खाडीचा चिखल आजोळच्या मातीसारखा उन्हाळ्यात भेगाळत नाही, तो कायम ओलाच. तो हळूहळू दबत राहतो, वर्षानुवर्षं. नवी मुंबईत पुलावर चढताना किंवा उतरताना गाडी हलकेच उडते ना? पूल खांबांवर, खांब खडकात. त्याला जोडणारा रस्ता मात्र भरावावर.

काँक्रीटने हे सुटतं का? थोडंफार. फरशी भार लांबवर पसरवते, खड्डे कमी पडतात, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण डबल टायरचा ट्रक गेल्यावर काँक्रीटच्या सांध्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडताना पाहिली आहे? ते पाणी एकटं येत नाही, फरशीखालची बारीक माती घेऊन येतं. पोकळी झाली की फरशी अधांतरी, मग कोपरा तुटतो.

यावरचे उपाय परदेशातून आणायचे नाहीत. पवईला, आपल्या शेजारीच, आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर काम केलं. फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर चिकट पण न फुगणारा मुरूम दाबून घातला तर खालची उसळी दबते, हे त्यांनी दाखवून दिलं. नुसती वाळू घालून भागत नाही, चिकटपणा हवाच. कर्नाटकात कालव्यांसाठी ते वापरलं गेलं. चुना मिसळून माती सुधारायची युक्ती तर त्याहून जुनी. आणि पाणी काढून न्यायला गटारं. इथे माझ्या गल्लीत वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, ठाण्यात एकट्या जुलैत त्याहून जास्त. तरी गटार इथलंच रुंद आहे. याचा मला खरोखर राग येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने जीव गेला तर कुटुंबाला ६ लाख रुपये द्यायला सांगितले. योग्यच झालं. पण जबाबदार कोण हे ठरवताना हाताशी काय असेल? कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव असतं, खर्च असतो, दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड झाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत असते. मातीचं एक अक्षर नसतं. त्याच फलकावर सीबीआरचा आकडा लिहा, भिजवलेला की कोरडा ते लिहा, आणि पूर्ण अहवाल पालिकेच्या साइटवर टाका. चोरी थांबेल असं मी म्हणत नाही. पण माझ्यासारख्या पोराला फोनवर आलेला आकडा टाइप करताना निदान घाम फुटेल.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर काकांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि गणपतीच्या वर्गणीचा विषय काढला.

बाबांनी मात्र मनावर घेतलं. गेटबाहेर केबलसाठी चर खणला होता, तिथून पिशवीभर माती आणली. रॉकेल आता ठाण्यात सहजासहजी मिळत नाही, कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या स्टोव्हमधून कपभर निघालं. आईच्या पिठाच्या चाळणीवरून घरात दोन दिवस अबोला होता. व्हिडिओ कॉलवर बाबांनी दोन ग्लास कॅमेऱ्यासमोर धरले. पाण्यातली माती थोडीशी फुगली होती, फार नाही.

"आणि हे बघ," म्हणत त्यांनी चाळणीत उरलेलं ताटलीत ओतलं. विटांचे तुकडे, प्लॅस्टरची ढेकळं, आणि एका निळ्या बाथरूम टाइलचा कोपरा.

"माती मूठभरच निघाली रे," ते म्हणाले. "बाकी कुणाचं तरी न्हाणीघर आहे."