मामा, शफलबोर्ड म्हणजे कॅरम नव्हे

रविवारी सकाळी सातला मामाचा फॉरवर्ड आला. दुपारपर्यंत तोच तीन ग्रुपांवरून फिरून पुन्हा माझ्या पुढ्यात. तोवर मी गप्प होतो. पण रात्री मामाचा फोन आला: सोसायटीच्या कॅरम स्पर्धेच्या बक्षीस समारंभात तो हे भाषणात सांगणार आहे. पोरांसमोर! आता लिहिणं भाग आहे.

फॉरवर्ड थोडक्यात असा: ‘अमेरिकेतली तरुण पिढी दारू सोडून बारमध्ये शफलबोर्ड खेळते. हा आपलाच कॅरम. इंग्रजांनी इथे राज्य करताना तो पळवला, बोर्ड लांब केला, आणि आता नवा खेळ म्हणून जगाला विकताहेत.’ सोबत एक फोटो. शेवटी नेहमीचंच, ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा.’

शफलबोर्ड म्हणजे लांब टेबलावर चकत्या सरकवायचा खेळ. आधी ते ‘पळवला’ बघू, कारण मामाला सगळ्यात जास्त आवडलंय ते हेच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या खासगी खर्चाच्या हिशेबात जानेवारी १५३२ ची एक नोंद आहे. राजा शॉव्हलबोर्डमध्ये, म्हणजे तेव्हाच्या शफलबोर्डमध्ये, लॉर्ड विल्यमकडून हरला आणि नऊ पौंड मोजले. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. म्हणजे चोरीचा माल आधी घरात आणि चोर अडुसष्ट वर्षांनी जन्माला! याच राजाच्या १५४१ च्या कायद्यात लोक धनुर्विद्या सोडून नको त्या खेळांत रमतात अशी तक्रार आहे, आणि त्या खेळांत ‘शव्ह-ग्रोट’चं नाव आहे. ग्रोट म्हणजे चार पेनीचं नाणं. तेच टेबलावर सरकवायचं. हा शफलबोर्डचा धाकटा भाऊ. प्रजेला सांगायचं धनुष्य उचला, आणि स्वतः पैसे लावून हरायचं.

हे सांगितल्यावर मामा म्हणाला, “मग पोर्तुगीजांनी नेला असेल. वास्को द गामा १४९८ ला आलाच होता.” मामा, मग तू १४९८ च्या आधीचा एक कॅरम बोर्ड दाखव. मी स्वतः पुढे पाठवतो.

‘बोर्ड लांब केला’ हे तर कॅरम खेळणाऱ्याने म्हणूच नये. आपला बोर्ड चौरस, खेळायची जागा जेमतेम ७४ सेंटीमीटर. चारी बाजूंना लाकूड, कोपऱ्यांत भोकं, पंधरा ग्रॅमच्या आतला स्ट्रायकर, आणि टिचकी. अर्धा खेळ रिबाउंडचा. शफलबोर्डचं मोठं टेबल बावीस फूट लांब आणि रुंदी वीस इंच. बाजूला कड नाही, नाली आहे. चकती घसरली की गेली. ती चकती जवळजवळ साडेतीनशे ग्रॅमची, टिचकी मारली तर बोट मोडेल. ती तळहाताखाली धरून हलकेच सोडायची. पलीकडच्या काठाबाहेर थोडी लटकून राहिली तर सर्वात जास्त गुण, आणि गुण फक्त ज्याची चकती सर्वांत पुढे त्यालाच. राणी नाही, कव्हर नाही.

एक मान्य करतो, नाइलाजाने. भुकटी दोन्हीकडे आहे. आपण बोरिक पावडर उधळतो, ते सिलिकॉनचे बारीक मणी टाकतात. घसरगुंडीचं तत्त्व एकच. पण तेवढ्यावर नातं जोडायचं तर स्केटिंगही आपलंच.

आणि तो फोटो! त्यात माणसं उभी राहून लांब काठीने जमिनीवरच्या चकत्या ढकलताहेत. हा तर टेबलावरचा खेळसुद्धा नाही. जहाजांच्या डेकवरचा हा शफलबोर्डचा वेगळा प्रकार १९१३ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला जमिनीवर उतरला. फ्लोरिडातल्याच सेंट पीटर्सबर्गचा शफलबोर्ड क्लब १९२४ चा. पुढे कित्येक दशकं हा निवृत्त मंडळींचा खेळ समजला जायचा. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला रॉयल पाम्स हा शफलबोर्डचा बार २०१४ साली सुरू झाला आणि तरुणांची गर्दी झाली, एवढं खरं.

फक्त ‘दारू सोडून’ नाही. तो बारच आहे, मामा. टेबलावरचा शफलबोर्ड तर एका हाताने खेळतात. दुसऱ्या हातात काय असतं ते तुला सांगायला नको.

काल पुन्हा फोन आला. “पळवला काढतो,” मामा म्हणाला, “पण लांब केला राहू दे ना. टाळ्या तिथेच आहेत.”