खुलासा: ज्युरी मुकी नव्हती

ज्युरीपुढे (निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे) चाललेल्या नानावटी खून खटल्याचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरतो: ‘आपल्याकडे ज्युरीनं फक्त ऐकायचं असे, साक्षीदाराला प्रश्न विचारणं ही अमेरिकेची नवी टूम.’ हे साफ चूक आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १६६ नुसार ज्युरीला प्रश्न विचारता येत. मात्र न्यायाधीशांमार्फत किंवा त्यांच्या परवानगीनं, आणि त्यांना योग्य वाटतील तेवढेच. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात ज्युरीला लेखी प्रश्नांची मुभा १९९५च्या सुधारणांत आली. चाळणी तिथेही न्यायाधीशांचीच. गंमत म्हणजे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं ज्युरीला निरोप दिला, तरी कलम १६६ जुना पुरावा कायदा २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत पुस्तकात तसंच पडून होतं.