अठरा बाय साठचा रिकामा भूखंड

नागपुरातल्या इतवारीतील आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, एक कोनाडा आहे. आत हिरवा रंग आहे, वरच्या कडेला दिव्याची काजळी आहे आणि बाजूला कॅलेंडर टांगायचा खिळा आहे. हा कोनाडा काकूंचा नाही, आमचा आहे. दोन्ही घरांची भिंत सामाईक होती. नऊ वर्षांपूर्वी आमचे घर शिकस्त ठरले, आम्ही ते पाडले, आणि आजीच्या देवांचा कोनाडा शेजारणीच्या भिंतीवर उघडा राहिला. आतली भिंत म्हणून बांधलेली ती मातीच्या जोडणीची भिंत तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी पिते. आषाढ लागला की काकू तिच्यावर ताडपत्री बांधतात. त्या ताडपत्रीचे पैसे त्यांनी आम्हाला कधी मागितले नाहीत आणि आम्ही, सांगायलाही लाज वाटते, कधी दिलेही नाहीत.

रिकाम्या जागांवर आजवर पुष्कळ लोकांनी लिहिले आहे, पण त्या बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या असतात. म्हणून आमचीच जागा आधी पुढे ठेवली. अठरा फूट रुंद, साठ फूट लांब. मागच्या अर्ध्या भागात फुटक्या कवेलूंचा आणि विटांचा ढीग आहे, त्यातून एरंड उगवला आहे, आणि पुढच्या अर्ध्यात गल्लीतील प्रत्येकाच्या घरदुरुस्तीचा मलबा येऊन पडतो, कारण जिथे एकाने पाटी रिकामी केली तिथे दुसऱ्याला विचारायची गरज वाटत नाही. मी स्वतः आता बेसा भागात राहते.

नागपूर शहर आटते आहे असे कोणी म्हटले तर लोक हसतील, आणि त्यांचे बरोबरही आहे. २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या २०,५२,०६६ होती, ती २०११ मध्ये २४,०५,६६५ झाली. त्यानंतर मेट्रो आली आणि वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंना शेते होती हे मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. परंतु शहर वाढत असताना त्याच्याच पोटातील एखादी वस्ती आटू शकते. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत बत्तीस चुली पेटत असत. मागच्या दिवाळीत मी मोजल्या तेव्हा अकरा भरल्या. सहा जागा मोकळ्या पडल्या आहेत, काही घरांना नुसतीच कुलपे आहेत आणि उरलेल्या घरांची गोदामे झाली आहेत. सायंकाळी सात वाजता शटर पडले की गल्लीत माणूस दिसत नाही.

वस्ती आटण्याची जगातली सर्वांत ठळक उदाहरणे अमेरिकेतील आहेत. डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये १८,४९,५६८ होती, ती २०२० मध्ये ६,३९,१११ वर आली. ओहायोतील यंगस्टाउन हे पोलादाचे गाव १९३० मध्ये १,७०,००० वस्तीचे होते, ते २०२० मध्ये ६०,००० वर आले. आणि आपण पुन्हा पूर्वीइतके मोठे होणार नाही हे त्या गावाने २००५ च्या विकास आराखड्यात लेखी मान्य केले, हे मला त्यातले सर्वांत धीट काम वाटते. डेट्रॉईटमध्ये कर थकल्यामुळे जप्त झालेली घरे आणि भूखंड भू-बँक नावाच्या सार्वजनिक संस्थेकडे येतात आणि शेजारचा मोकळा तुकडा लगतच्या घरमालकाला शंभर डॉलरमध्ये मिळू शकतो. इतवारीत शंभर डॉलरमध्ये काय येईल, हे वेगळे सांगायला नको. तिथे जमिनीला गिऱ्हाईक नव्हते. आमच्या जागेला गिऱ्हाइके पुष्कळ आहेत, विकणारेच चौदा आहेत.

आमच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, आजही आजोबांचे नाव आहे. ते १९७४ साली गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलांबरोबर तिन्ही आत्यांचाही हिस्सा निघतो, हे घरात सर्वांना माहीत होते आणि म्हणूनच फेरफाराचा विषय कोणी काढला नाही. मोठे बाबा म्हणत, बहिणी काही मागत नाहीत, मग कागद कशाला हलवायचा. आत्या खरोखरच मागत नव्हत्या. पण त्या गेल्या आणि त्यांच्या जागी त्यांची मुले आली. एक अमरावतीला, एक रायपूरला, एकाचा पत्ता दोन वर्षे कोणाकडेच नव्हता. जुन्या नागपुरातील पडक्या वाड्यांपैकी बऱ्याच वाड्यांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असावी, असे मी ओळखीच्या घरांवरून म्हणते. कोणी जागा अडवून ठेवलेली नसते, भाव वाढण्याची वाट पाहणारा कोणी धूर्त मालकही नसतो. चौदा भली माणसे असतात आणि एक सही राहिलेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की सही होईपर्यंतचा काळ, जो आमच्या बाबतीत नऊ वर्षांचा झाला आणि पुढे पंधराचाही होईल, तो जागेने आणि शेजाऱ्यांनी वाया का घालवावा? पुनर्विकास व्हायचा तेव्हा होईल. तोवर ती जागा मुदतीने आणि लेखी अटींवर गल्लीच्या वापरासाठी द्यावी.

हे मी घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा धाकट्या चुलत भावाने लगेच विचारले, “ताई, आज देऊन देशीन, पण उद्या काढशीन कशी?” या भीतीला मुळे आहेत. विदर्भात १९४९ च्या सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेशाखाली भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागत असे. २००० साली महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तोवर दोन पिढ्यांनी कज्जे पाहिले होते. ‘एकदा आत आला की निघत नाही’ हे वाक्य आमच्या आजोबांच्या पिढीत म्हणीसारखे वापरले जाई. दुसरी भीती बारा वर्षांची. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे कोणी मालकाच्या विरोधात उघडपणे, सलग बारा वर्षे कब्जा ठेवला तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो, हे अर्धवट का होईना सर्वांनी ऐकलेले असते.

पण जो कब्जा मालकाच्या परवानगीने असतो तो प्रतिकूल कब्जा ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणजे परवानगी लेखी दिली तर मालक उलट अधिक सुरक्षित होतो. आज आमच्या जागेवर कोणाची हातगाडी कोणाच्या परवानगीने उभी असते ते आम्हाला ठाऊकही नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात परवान्याची, म्हणजे लायसन्सची, व्याख्या कलम ५२ मध्ये आहे आणि तो रद्द करण्याविषयी कलम ६० आहे. त्या कलमातील एक अपवाद मात्र प्रत्येकाने डोळे उघडे ठेवून वाचावा: परवान्याच्या भरवशावर समोरच्याने स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल तर मग परवाना मनास येईल तेव्हा काढून घेता येत नाही. त्यामुळे अशा जागेवर सिमेंटचा ओटा नको, टाइल्स नकोत, कोणाच्या स्मरणार्थ बांधलेला चबुतरा तर नकोच नको. माती, झाडे, उचलून नेता येणारे बाक आणि तारेचे कुंपण, एवढ्यावर थांबावे. अशा साधेपणाने जागा थंडही राहते.

जर्मनीतील लाइपझिग शहराने हेच केले. १९३० च्या दशकात सात लाखांवर असलेली त्याची वस्ती १९९० च्या दशकाच्या शेवटी साडेचार लाखांच्याही खाली गेली. पडक्या घरांच्या जागी काय करावे हा प्रश्न आला तेव्हा १९९९ पासून शहराने मालकांशी मुदतीचे करार सुरू केले: जागा काही वर्षे लोकांसाठी खुली राहील, बांधकामाचा मालकाचा हक्क अबाधित राहील आणि त्या काळापुरता जमिनीवरील कर माफ होईल. पुढे लाइपझिगचे नशीब फिरले, वस्ती पुन्हा सहा लाखांच्या वर गेली आणि यांपैकी काही बागांवर मालकांनी घरे बांधली. याला कोणी योजनेचे अपयश म्हणेल. मला तर त्यातच तिची खरी साक्ष दिसते, कारण मालकाला दिलेला शब्द पाळला गेला.

फिलाडेल्फियात ५४१ पडक्या जागा सोडतीने गटांत वाटून अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जागा तशाच ठेवल्या, काहींवरील नुसता कचरा काढला आणि काहींवर माती समतल करून गवत, चार झाडे आणि कमरेपेक्षा बुटके लाकडी कुंपण लावले. हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांची उदासी कमी झाल्याचे आढळले, आणि गरीब वस्त्यांत बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. बंदुका हा आपला विषय नाही, कुंपण मात्र आहे. ते मुद्दाम बुटके आणि येण्याजाण्याची वाट सोडलेले होते. माणसाला अडवायचे नव्हतेच. जागा कोणाच्या तरी देखरेखीखाली आहे एवढे कळावे आणि मलब्याची गाडी रिकामी होऊ नये, एवढेच त्याचे काम होते. आपण करतो ते नेमके उलटे: आठ फुटी टिनाचे पत्रे ठोकतो, आणि त्यामागे काय चालले आहे ते दिसेनासे होते.

पाण्याचा हिशेब मी घरीच केला. आमचा भूखंड १,०८० चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास शंभर चौरस मीटरचा. नागपुरात वर्षाला साधारण हजार ते अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले तर या एका तुकड्यावर वर्षभरात एक लाख लिटरच्या घरात पाणी उतरते. गल्लीतल्या सहा जागांचे सहा लाख लिटर. ते सगळे जमिनीत मुरणार नाही, पण गल्लीच्या सिमेंट रस्त्यावरून नालीत आणि नालीतून नाग नदीत जाण्यापेक्षा जेवढे मुरेल तेवढे आमच्या टोकाच्या बंद पडलेल्या सार्वजनिक विहिरीच्या उपयोगाचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे या शहराने जो पूर पाहिला तो कोणी विसरलेले नाही. काकूंच्या भिंतीपासून मात्र उतार लांब न्यावा लागेल आणि शोषखड्डा जागेच्या पलीकडच्या टोकाला घ्यावा लागेल, नाहीतर आमचे पुण्य त्यांच्या घराच्या पायात मुरेल.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. सागवानी खांबांच्या घरातली सांदवाडी, ओसरी आणि ओलीने फुगलेली भिंत यांच्या आठवणी काढणे, ती घरे राखण्यापेक्षा स्वस्त असते. परंतु जो पुनर्विकास आमच्या दारात आला तो असा होता: तीन भूखंडांचे एकत्रीकरण, खाली पार्किंग, वर सात मजले. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत चटईक्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याचा, हिशेब रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे, आणि आमची गल्ली एका ठिकाणी एवढी अरुंद आहे की लग्नाच्या घोड्यालाही तिरपे व्हावे लागते. प्रस्ताव घेऊन आलेल्या बिल्डरने रस्ता रुंद होणारच आहे असे सांगितले. कधी, ते सांगितले नाही. अग्निशमनाची गाडी जिथे वळत नाही तिथे सात मजले उभे करण्यापेक्षा, दोन भावांनी मिळून तीन मजली घर बांधावे, जुने खांब आणि धड विटा त्यात वापराव्यात, आणि मागचा पंधरा फुटांचा तुकडा मातीचाच ठेवावा, हे मला अधिक टिकाऊ वाटते. आमच्या घराचे सागवान मात्र पाडतानाच विकले गेले. त्याचा भाव काय आला, हा आजही घरातला नाजूक विषय आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, आणि आज तिच्या जागेवर मॉल आणि उंच इमारती आहेत. मोठ्या सलग जागेला भविष्य शोधत जावे लागत नाही. ते स्वतः गाडी घेऊन येते. अठरा बाय साठच्या तुकड्याकडे कोणी येत नाही. १९१४ मध्ये भारतात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस दाट वस्त्यांतून रुंद रस्ते घुसवण्याच्या विरोधात होते. मोजकी पडकी घरे काढून तिथे लहान मोकळ्या जागा करा, झाडे लावा, बाकी वस्ती राहू द्या, असे ते सांगत आणि याला वस्ती राखणारी शस्त्रक्रिया म्हणत. आमच्या गल्लीत त्यांच्या शस्त्रक्रियेचा पहिला भाग कोणी न सांगताच झाला आहे. टाके घालायचे राहिले आहेत.

महापालिका मोकळ्या भूखंडावरही मालमत्ता कर घेते. पाच वर्षांच्या परवान्याचा एक साधा मराठी नमुना तिने तयार करावा, परवाना आहे तोवर करात सवलत द्यावी, आणि वारसांच्या नोंदीसाठी नगर भूमापनाचे एक शिबिर वर्षातून एकदा वस्तीतच भरवावे. त्यासाठी दिवसही मी सुचवते: पोळ्याचा पाडवा. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडा पिडा घालवण्यासाठी मिरवत नेऊन जाळायचे पुतळे, पाहायला शहरभर विखुरलेले आमच्यासारखे सगळे परत येतात, आणि वर्षातून एकदा चौदापैकी बारा वारस एकाच गच्चीवर उभे असतात.

यंदा मी त्याच गच्चीवर परवान्याचा कागद फिरवला. खाली ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा गजर चालू होता आणि वर धाकटा चुलत भाऊ प्रत्येक अट दोनदा वाचत होता. अकरा सह्या झाल्या. रायपूरच्या आतेभावाने फोनवर होकार दिला, कागद कुरियरने गेला आहे. उरलेल्या दोघांनी विचार करून सांगतो म्हटले आहे. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे तिथेच एकमत झाले, की परवाना होवो न होवो, काकूंच्या भिंतीला प्लास्टर आम्ही करून द्यायचे. गवंडी येऊन माप घेऊन गेला. कोनाडा बुजवायचा असेल तर त्याने वेगळे पाचशे रुपये सांगितले आहेत, आणि तो बुजवायचा की नाही हे अजून आमच्यात ठरलेले नाही.