वॉटर पेपर फिरवून गाडी मॅट होत नाही

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘भाऊ, मॅट करायला पेंटरकडे जायचं काम नाही. १५०० नंबरचा वॉटर पेपर सगळ्या बॉडीवर फिरवा, वरून मॅट क्लिअरचे दोन स्प्रे कॅन मारा. मॅटवर ओरखडे दिसत नाहीत, पॉलिशची कटकट कायमची गेली, आणि चमक नसल्यामुळे उन्हात गाडी कमी तापते.’ यातली एक अर्धी गोष्ट खरी आहे. बाकीची गाडीवर करून बघू नका.

आधी पेपर. कंपनीच्या रंगात पत्र्यापासून वरपर्यंतचा सगळा थर साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो, त्यात क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५०. उन्हाला अडवणारं द्रव्य याच क्लिअरमध्ये असतं. पेपर फिरवल्यावर गाडी मंद दिसते ती क्लिअरवर पडलेल्या चरांमुळे. चरांना दिशा असते, म्हणून तीच गाडी डावीकडून काळपट आणि उजवीकडून पांढरट दिसते. हँडलभोवती, डिकीच्या काठावर, जिथे रोज हात लागतो तिथे चर गुळगुळीत होऊन महिन्या-दोन महिन्यांत चमक परत येते. बोनेटच्या घडीवर आणि दाराच्या कडेला क्लिअर मुळातच पातळ, तिथे पेपर आरपार जातो.

खऱ्या मॅट क्लिअरचं गणित वेगळं आहे. त्यात सिलिकाचे बारीक कण असतात. थिनर उडून थर आकसतो तसे ते पृष्ठभागावर उठतात आणि उजेड सगळीकडे सारखा विखुरतात. पेपरने हे साधत नाही.

अर्धं खरं ते इतकंच: जुना रंग घट्ट असेल तर नवा रंग न मारता वर मॅट क्लिअर बसवता येतो. पण तेव्हा पेपर लागतो तो पकडीसाठी. ८०० नंबर, आणि कोपऱ्यात करड्या स्कॉच-ब्राइटने घासायचं, एकही चमकता ठिपका सुटता कामा नये. त्याआधी एका कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्याने कंपाउंड (पॉलिशआधी घासायची पेस्ट) घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर नाहीच. टपावर क्लिअर उडून पांढरे पापुद्रे निघत असतील तर त्यावर काहीही मारलं तरी ते पापुद्र्यासकट निघणार. आधी तिथला थर घासून उतरवावा लागतो.

आता दोन कॅन. ४०० मिलीच्या कॅनमध्ये बराचसा भाग गॅसचाच. दोन हात मारले तर एक चौरस मीटर भागतो. छोट्या हॅचबॅकची बॉडीसुद्धा आठ-दहा चौरस मीटर. म्हणजे दोन कॅनमध्ये बोनेट आणि वर थोडंसं. शिवाय साध्या कॅनमधला क्लिअर हार्डनरशिवायचा, म्हणजे थर पक्का करणारं द्रव्य त्यात नसतं. पेट्रोल भरताना झाकणाखाली दोन थेंब ओघळले की तिथला थर मऊ पडतो. खात्री करायची तर पेट्रोलचा बोळा एका कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. तळाशी बटण असलेले हार्डनरवाले कॅनही मिळतात, पण कॅनच्या फवाऱ्याने टप एकसारखा येत नाही.

पेंटरच्या बंद बूथमध्ये हेच काम टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, मॅट क्लिअरने होतं, आणि बिघडायच्या जागा तिथेही आहेत. कण तळाशी बसतात, म्हणून डबा तळापासून ढवळायचा. क्लिअर, हार्डनर, थिनर मापाच्या भांड्यातच. प्रमाण डब्यासोबतच्या पत्रकात असतं, अंदाजाने थिनर वाढवला की चमक बदलते. सगळ्या गाडीचा माल एकाच बॅचचा घ्यायचा. स्प्रे गनची टिप १.३ किंवा १.४ मिमी. पहिला हात पूर्ण मंद दिसेपर्यंत थांबायचं, मगच दुसरा, पहिल्याला आडवा. घाई केली की आतला थिनर अडकतो, थर जाड राहतो आणि तिथे चमकता पट्टा उमटतो. टपाच्या मधोमध, दोन्ही बाजूंचे हात भेटतात तिथे, हा पट्टा हमखास. सॅटिन, म्हणजे अर्धवट चमक, हवी असेल तर त्याच कंपनीचा ग्लॉस (चकचकीत) आणि मॅट क्लिअर मिसळतात, आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघून.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. त्या हवेत जलद हार्डनर घेतला तर थर बसायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत येतो. स्लो हार्डनर, स्लो थिनर, काम सकाळी लवकर. जिनिंगच्या हंगामात दुसरा ताप: कापसाचा तंतू. ग्लॉसवर तंतू पडला तर २००० ने घासून पॉलिश करता येतं. मॅटवर पडला तर अख्खा पॅनल पुन्हा मारायचा. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

‘ओरखडे दिसत नाहीत’ हे तर उलटंच आहे. अंगठी किंवा चावी घासली की मॅटवर चमकती रेघ उठते, आणि ती घालवायला जितकं घासाल तितकी रुंद होते. डागडुजी मधल्यामध्ये मिसळत नाही. मूठभर पोचा आला तरी दार कडेपासून कडेपर्यंत मारायचं. म्हणून क्लिअरचं नाव, हार्डनर, प्रमाण पेंटरकडून लिहून घ्या.

पॉलिशची कटकट गेली हे खरं, कारण पॉलिश चालतच नाही. मेणाने, सिलिकॉनच्या टायर-शाइनच्या शिंतोड्यांनी चमकते डाग पडतात. ब्रशवालं वॉशिंग बंद. न्यूट्रल शाम्पू, मऊ मायक्रोफायबर, आणि गाडी सावलीत. बोअरच्या पाण्याचे थेंब बॉडीवर सुकू देऊ नका, क्षाराचे पांढरे ठिपके खडबडीत थरात रुततात. रावेर-सावद्याकडे केळीच्या मळ्यात गाडी जाते त्यांनी चीक ओला असतानाच धुवावा. कपड्यावरचा डाग जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीवर वाळला तर खरडावं लागतं, आणि खरडलं की तिथे चमक.

राहिलं ऊन. गाडी किती तापते ते रंगावर ठरतं, चकाकीवर नाही. ग्लॉस क्लिअर वरच्यावर परतवतो तो उजेड चार टक्क्यांच्या आसपास, मॅट तेवढाच विखुरतो. काळी मॅट काळ्या ग्लॉसइतकीच भाजते.

पांढरी गाडी काळी मॅट करणार असाल तर आरसी बुकातला रंगही बदलतो. आरटीओत नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही कामं रंग मारायच्या आधी विचारून ठेवा. नुसता लूक हवा असेल तर सॅटिन रॅप (गाडीवर चिकटवायची फिल्म) लावून बघा, आवडला नाही तर निघतो. टपावर आणि बोनेटवर मात्र आपल्या उन्हात तो दारांपेक्षा लवकर थकतो, आणि फार दिवस ठेवला तर काढताना गोंद मागे राहतो.