‘मातीवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मातीवाला,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी संकरातून तयार केलेल्या जांभळ्या डेलिलीची (लिलीसारखी फुलं येणारं बागेतलं झाड) नवी जात म्हणून नोंदणी मी घाईने केली, ती फक्त स्वतःच्या बागेत पाहिली, तशी फुलं आधीच ढिगाने नोंदलेली आहेत, आणि पानांचा प्रकार व तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) यांबद्दल मी चकार शब्द लिहिला नाही, असं तुमचं म्हणणं. एवढं सरळ लिहिता आलं असतं. तुम्ही लिहिलंत, “दोन उन्हाळे फूल पाहिलं आणि धावल्या नाव लावायला. ताई, हौस भागली असेल तर आता जरा अभ्यास करा.” आणि पुढे हसरा चेहरा. तो कशासाठी होता?

पानांचं आधी मिटवते. तो तपशील राहिला होता, तुमचं बरोबर आहे. सेमी-एव्हरग्रीन, म्हणजे सौम्य हिवाळ्यात थोडी पानं हिरवी राहतात, कडक थंडीत झडतात. लेखात आता घातलाय.

राहता राहिले ‘दोन उन्हाळे’. आमच्या न्यू जर्सीत बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. फ्लोरिडावाल्यांना वर्षाच्या आत फूल दिसतं, ते भाग्य आमचं नाही. म्हणजे फुलाचे उन्हाळे दोन असले तरी रोप त्याआधीपासून माझ्या नजरेसमोर आहे. थंडीत गड्डा कुजतो का, बर्फ वितळल्यावर कोंब जोमाने येतात का, फुटवे किती होतात, हे सगळं फुलाआधीच कळतं. यात जी नापास झाली ती कंपोस्टच्या ढिगावर गेली, त्यांच्यावर मी लेख लिहीत नाही, म्हणून ती तुम्हाला दिसली नाहीत.

फूल आल्यावर मी काय पाहिलं तेही ऐका. झालरीच्या जाड कडा असलेल्या फुलांची खोड अशी, की रात्री गारठा पडला की सकाळी पाकळ्या कडांना अडकतात आणि फूल अर्धवट उघडून बसतं. जूनअखेरच्या गार रात्रींनंतर मी चहाचा कप घेऊन वाफ्याशी उभी राहायचे, ते याच्यासाठी. माझं फूल उघडलं. गडद रंग दुपारच्या उन्हात विरघळल्यासारखे होतात, पावसाचे डाग धरतात. तेही पाहिलं. दांडा पानांच्या वर येतो की त्यांच्यातच दडतो, फांद्या फुटतात की सगळ्या कळ्या शेंड्यालाच गर्दी करतात, हे पाहिलं. (हरणांनी खाल्लेले दांडे मोजणीत धरले नाहीत. इथे राहणाऱ्याला कळेल.) तिसऱ्या वर्षी कळ्यांचे आकडे बदलतील म्हणता. बदलू देत, रोप पोसलं की कळ्या बहुधा वाढतातच. कमी आकडे लिहून मी कुणाला फसवलं?

आणि अभ्यास म्हणाल तर मी तासगावची आहे. आमची द्राक्षबाग होती. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बघत मी मोठी झाले. ‘तास-ए-गणेश’ खाल्लंच असेल तुम्ही. ते आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या जातीतून निवडलं. शेतकऱ्याच्या नजरेने. वेल ओळखणारी माणसं कशी असतात हे मी घरात पाहिलंय, तुम्ही मला ‘जरा’ अभ्यास शिकवू नका.

डेलिलीच्या संकरावर वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. आर्लो स्टाउट यांचा दाखला दिलात. मोठा माणूस, वाद नाही. पण ते न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे पगारी शास्त्रज्ञ होते. मी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी संकराच्या बोंडांना चिठ्ठ्या बांधते.

शिवाय नोंदणी म्हणजे काय, याचाच तुमचा घोटाळा झालाय. अमेरिकन डेलिली सोसायटी १९४६ पासून आहे, जगभरातल्या डेलिलींची नावं तीच नोंदवते. नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना, नियमात बसतं ना, उंची, फुलाचा आकार, हंगाम, जनक हे भरलंय ना, एवढं तिथे बघतात. फूल चांगलं आहे असं प्रमाणपत्र कुणी देत नाही. पारख नंतर होते, परीक्षकांच्या मतांनी, पायरी-पायरीने. सगळ्यात वर याच स्टाउट यांच्या नावाचं पदक. ‘स्टेला द ओरो’ घ्या, ११ इंचांचं बुटकं रोप, पावणेतीन इंचांचं पिवळं फूल, आज पेट्रोल पंपाच्या कडेलासुद्धा दिसतं. इंडियानातल्या वॉल्टर जाब्लॉन्स्कींनी ते १९७५ मध्ये नोंदवलं, पदक १९८५ मध्ये मिळालं. मधली दहा वर्षं ते लोकांच्या बागांतच पारखलं गेलं ना? नाव नसतं तर कुणी लावलं असतं?

बाकीचं पटकन. नोंदवहीत एक लाखाहून जास्त नावं आहेत, माझं एक वाढल्याने ती फाटणार नाही. ‘अशीच दिसतात’ हे फोटो पाहून ठरवू नका, जांभळ्याची कॅमेऱ्यात वाट लागते. तांबेरा हिरव्या पानाशिवाय जगत नाही आणि आमच्या हिवाळ्यात पान उरत नाही. दुसऱ्या बागेत लावायला फुटवे द्यायचेच आहेत, ते कुणाला द्यायचे ते मी ठरवीन.

तुमची दुसरी प्रतिक्रियाही आली आहे. ती अजून मंजूर केलेली नाही. पहिल्या दोन ओळी काढून पुन्हा पाठवलीत तर लगेच लावते.