लेस्टरची बस चुकली, त्याबद्दल

नमस्कार काका,

आमच्या ट्रॅव्हल एजन्सीला एक तारा दिलात, मान्य. तुमचं म्हणणं असं की वेबसाइटवर मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ ७,२०० किलोमीटर, आठ तास दिसतं, तुम्हाला जाताना सव्वादहा तास लागले, येताना तेच अंतर नऊ तासांत संपलं, आणि या गोंधळात हीथ्रोहून लेस्टरला जाणारी बस चुकली. बसपासून सुरुवात करते, कारण ती चूक आमची.

मार्चमध्ये तिकीट काढलं तेव्हा विमान पहाटे ५.१५ ला सुटून तिथल्या १०.१० ला पोहोचणार होतं. त्या हिशोबाने १२.१० ची बस घेतली. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, वेळापत्रक बदललं, पोहोचायची वेळ ११ झाली. नवं तिकीट आम्ही तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलं, बसकडे मात्र कुणी बघितलंच नाही. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानची हद्द अशीच बंद होती आणि तेव्हाही या खुर्चीत मीच होते, म्हणजे सबब सांगायची सोय नाही. इमिग्रेशनची रांग, बॅगा, काकूंच्या व्हीलचेअरची वाट बघणं, यात सत्तर मिनिटं कशी पुरणार? दोन्ही बस तिकिटांचे पैसे परत देतेय.

आता तासांचं. ती वेबसाइट अंतराला ताशी नऊशेने भागते आणि मोकळी होते. ऑफिसात माझ्या टेबलावर पृथ्वीगोल आहे. त्यावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला की तो बलुचिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. हेच ते ७,२०० किलोमीटर. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद, त्यात पाकिस्तानचंही बंद झालं. मग विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने वळसा घेतं. दोरा सैल पडतो, किलोमीटर वाढतात. शिवाय तिकिटावरची वेळ एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आणि हीथ्रोवर उतरायच्या आधी आकाशात घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

येताना लवकर आलात त्याचं श्रेय वाऱ्याला. विमानं उडतात त्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून तर सगळ्याच कंपन्यांच्या वेळापत्रकात लंडनला जायचे तास जास्त आणि परतीचे कमी असतात.

‘स्वस्तात हळू जाणारं विमान गळ्यात मारलं’ हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही. तसं विमान बाजारात मिळत नाही हो काका.

दिवाळीनंतर तुमची लेक इकडे येणार म्हणालात. तिचं तिकीट कुठूनही काढा, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. आपल्यातला फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. तिला आणायला ठाण्याहून निघताना तिकिटावरची मुंबईची वेळच बघा, तासांची बेरीज करत बसू नका.

बसची जुनी तिकिटं सापडली नाहीत तरी चालेल, आमच्याकडे प्रत आहे.