खोप आणि खोपटं

मार्च २०२५ मध्ये आमच्या गावच्या ग्रुपवर दोन दिवस वणवा पेटला होता. एका कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याच्या पोराला ताप आला, अंगावर पुरळ उठलं. कुणीतरी ‘गोवर’ म्हणालं आणि झालं. ‘ह्यांना लसीचं काय कळतंय?’ ‘दाखला असल्याशिवाय मांगरात (बागेतल्या राखणीच्या घरात) राहू देऊ नका.’ ‘खलाशांनाही तोच नियम लावा, एक ऑगस्टला होड्या सुटायच्या आधी.’ शेवटचं वाक्य माझ्या दादाचं. त्याच्या होडीवर सहा खलाशी, त्यातले चार नेपाळी. तो गोवर होता की उन्हाचं घामोळं, हे नंतर कुणी कळवलंच नाही. ग्रुप हापूसच्या भावाकडे वळला.

हे सगळं मी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये, एका दवाखान्याच्या काउंटरमागे बसून वाचत होते. मी रिसेप्शनला आहे. इथल्या ग्रुपांवर ज्यांच्याबद्दल असंच बोललं जातं, ती माणसं रोज माझ्यासमोर उभी असतात. आणि त्या ‘बाहेरच्यां’मध्ये मीही येते, हे दादाला कितीही सांगा, पटत नाही. ‘तुझं वेगळं, तू शिकलेली.’

माझं काय वेगळं होतं ते सांगते. २०२२ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा लेक अडीच वर्षांची होती. तिचं लसीकरणाचं कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टाबरोबर आणलं होतं. एक शिक्का चुकलेला नव्हता. पण नाव नोंदवायला गेले तर आधी विजेचं बिल मागितलं, मग व्हिसा. (जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला यातलं काहीही लागत नाही. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.) तीन आठवड्यांनी नर्सपर्यंत पोचलो. तिने कार्ड नीट वाचलं आणि म्हणाली, नवव्या महिन्यातला गोवराचा डोस आम्ही धरत नाही, पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतो. आणि तुमच्याकडच्या लसीत गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. तेव्हा पुन्हा टोचावं लागेल.

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. पण मला ते लागलं. आमच्या गावच्या आशा सेविकेने पावसात छत्री धरून नेऊन टोचवून घेतलेली लस मोजायचीच नाही? घरी आले आणि मुद्दाम महिनाभर अपॉइंटमेंट घेतली नाही. त्यांच्या संगणकात माझ्या नावापुढे ‘लसीबाबत साशंक’ असं काहीतरी पडलं असणार. मी साशंक नव्हते हो, रुसले होते.

आता काउंटरच्या या बाजूने बघते तेव्हा त्या ‘साशंक’ शब्दाखाली काय काय खपतं ते दिसतं. आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलातून एक इरिट्रियन बाई आली होती. कडेवर मूल, दुभाषा फोनवर. लसीविषयी तिने चकार शब्द विचारला नाही. मी पुढे केलेल्या फॉर्मवर बोट ठेवून एवढंच विचारलं, हा कागद पुढे कुठे जातो? प्रश्न वेडगळ नव्हता. २०१७ मध्ये इथल्या आरोग्यसेवेने रुग्णांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा रीतसर करार केला होता. ओरड झाल्यावर २०१८ मध्ये तो गुंडाळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर सरकारने जाहीरच केलं की कोविडची लस घ्यायला येणाऱ्याचा व्हिसा बघणार नाही. करार गेला, धसका राहिला. दुसऱ्या एका बापाने डुकराच्या जिलेटिनचं विचारलं. नर्सने सरळ सांगितलं, आमच्याकडे दोन कंपन्यांची लस येते, एकीत आहे, एकीत नाही, तुम्हाला नसलेली देते. पाच मिनिटांत पोराच्या दंडावर पट्टी.

सगळे असे सुतासारखे सरळ होतात असं नाही, खोटं कशाला बोलू? अमेरिकेत मिनेसोटात सोमाली कुटुंबांमध्ये गोवराच्या लसीने ऑटिझम होतो ही भीती अशी काही रुजली की लस घेतलेल्या मुलांचं प्रमाण २००४ मधल्या ९२ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ४२ टक्क्यांवर आलं, आणि २०१७ मध्ये गोवराचे ७५ रुग्ण निघाले. पण ती भीती त्यांनी सोमालियातून आणलेली नव्हती. ती इंग्रज डॉक्टर वेकफील्डच्या १९९८ मधल्या निबंधातून आली, जो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तो गृहस्थ काही निर्वासितांच्या छावणीतून आला नव्हता. आमच्या बर्मिंगहॅममध्ये गोवर इतका पसरला की जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर इशारा द्यावा लागला. त्या सुमारास इंग्लंडात पाच वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ८५ टक्क्यांचे दोन्ही डोस झालेले होते. हवेत ९५. एवढी मोठी तूट काही हॉटेलात ठेवलेल्या मूठभर पोरांमुळे पडत नाही.

दादाला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, ‘तिथलं तिथे. इथे दाखला मागितला तर चुकलं काय?’

चुकलं असं की दाखला मागितला की माणूस लस घेत नाही, लपतो. आपल्याला हे शिकवायला बर्मिंगहॅम कशाला हवं? २०२० च्या गणपतीत आपले चाकरमानी वेशीवर अडवले होते. चौदा दिवस की दहा, यावर भांडणं चालली होती. सख्ख्या चुलत्याला शाळेत झोपवलं. तेव्हा किती जण रात्रीच्या अंधारात आडवाटेने घरी पोचले, ते दादाला चांगलं ठाऊक आहे, त्यातला एक त्याने स्वतः आणला होता. पुढे २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने कळवलं की ओळखपत्र नसलेल्यांसाठी कोविड लसीची वेगळी सत्रं घ्या. तरी दादाच्या तीन खलाशांना खिडकीतून ‘आधार आणा’ सांगून परत पाठवलं होतं. दोनदा. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. याला ‘त्यांना लसीचं काय कळतंय’ म्हणायचं का?

पोलिओचं आपण उलटं केलं होतं. बूथ एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनात, वीटभट्टीवर. नाव नाही, गाव नाही, दोन थेंब आणि करंगळीला शाई. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला, हावड्यात. मला विचाराल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेटीवर टेबल मांडावं. मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, खलाशी जाळी शिवत बसलेले असतात. आणि बागांतल्या मुलांसाठी थंडीत मांगरापर्यंत चालत जावं.

चालत जाणारी आमच्या घरातच आहे. वहिनी आशा सेविका आहे. त्या पोराच्या चौकशीला तीच गेली होती. तिने बाईला विचारलं, ‘लस दिलीय का?’ बाई म्हणाली, ‘खोप लगाइसक्यो.’ वहिनी म्हणाली, ‘होय गो, दिसतेय तुझी खोप, बांधलीस छान. पण पोराचं काय?’ आमच्याकडे खोप म्हणजे झोपडी, नेपाळीत खोप म्हणजे लस. नवव्या आणि पंधराव्या महिन्यात गोवराची खोप तिकडेही देतात, २०१६ पासून तर त्यासाठी कायदाच आहे. दोघींचा घोळ मिटायला बाईच्या नवऱ्याला यावं लागलं. मग तिने पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढलं. माझ्यासारखंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

वहिनीने मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘२०८१ सालची तारीख आहे. पोराला अजून छप्पन वर्षांनी टोचणार काय?’ ते विक्रम संवत. असार २०८१, म्हणजे जून २०२४ च्या आसपास. नववा महिना, शिक्का बरोबर. पंधराव्या महिन्याची चौकट मी फोटो मोठा करून पाहिली. ती कोरी होती. हिशोब केला तर तो डोस पौषात यायला हवा होता. पौषात ते आमच्या गावात होते. कलमांना मोहोर आला होता.